संध्याकाळचा नमुना

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वर नमस्कार लिहिलाय तो आईने हाताला लावलेल्या सवयीमुळे. खरं विचारशील तर आज तुझ्या पाया पडायची मला बिलकुल इच्छा नाही.

मी फोन उचलत नाही म्हणून तू माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात फोन केलास, आणि शेजारच्या टेबलांवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलंस, की माझी मुलगी तुम्ही दाबून ठेवली आहे का. यतीन बिचारा हो दादा, नाही दादा करत राहिला. घरी येऊन न जेवता झोपला. तुझी मुलगी कुणी दाबून ठेवलेली नाही. रेवा तेवीस वर्षांची आहे, स्वतःच्या पायांनी माझ्याकडे राहायला आली आहे. फोन मात्र मी बंद ठेवलाय, तिचाही. तुझं नाव पडद्यावर दिसलं की तिला हातातला कप कुठे ठेवावा ते सुचत नाही. ती ज्यांच्याकडे समुपदेशनाला जाते त्या इशिता मॅडम म्हणाल्या, काही दिवस बोलणं कागदावर होऊ द्या, कागदावर ओरडता येत नाही. त्यांनी तुझं अक्षर पाहिलेलं नाही.

पत्रं वॉल्टर नेईल आणि आणील. नाहीतरी तो आठवड्यातून दोन-तीनदा निर्मळहून केळी, भाजी घेऊन आमच्या गेटवर येतोच.

आता जे फोनवर तू एकदाही पुरतं ऐकून घेतलं नाहीस ते लिहिते. रेवा ज्या आर्किटेक्टकडे नकाशे काढते, तिथे दिवाळीनंतर एकदा साहेब कुणावर तरी ओरडले. तिच्यावर नाही, दुसऱ्याच मुलावर. रेवा खुर्चीतून घसरून टेबलाखाली गेली. छातीत कळ, हात गार, श्वास लागेना. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम चांगला, थायरॉइड चांगलं, साखर चांगली. तू म्हणालास, सगळं चांगलं आहे म्हणजे नाटक आहे. म्हणालास, आजार असेल तर रिपोर्टवर दिसला पाहिजे, रिपोर्ट दाखव.

घे. सोबत जोडला आहे. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो, तो लाळेतून मोजता येतो. कापसाची लहान वळी तोंडात धरायची, भिजली की नळीत टाकून फ्रीजमध्ये ठेवायची. उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. (यतीनने पहिल्या दिवशी ती नळी दह्याच्या विरजणाची समजून हुंगली.) धडधाकट माणसात हा रस सकाळी भरतीसारखा चढतो आणि रात्रीपर्यंत ओसरतो. आपल्या रेवाचं उलटं आहे. सकाळी चिखल, आणि संध्याकाळी, दिवेलागणीला, पाणी बांधाला लागलेलं.

मॅडमनी बजावलंय की याने रोग ठरत नाही. झोप, जागरण, गोळ्या, कशानेही आकडे हलतात. त्यांनी तपासणी करायला लावली ती वेगळ्या कारणाने. रेवा सारखी म्हणायची, मला काही झालेलं नाही, मीच भित्री आहे. तिला स्वतःच्या शरीरावर विश्वास बसावा, आणि पुढे उपचारांनी फरक पडतो का ते कळावं, एवढ्यासाठी. मी तो रिपोर्ट तुला पाठवतेय हे त्यांना आवडलेलं नाही. पण तुला कागदच लागतो ना? वाच.

वहिनीला नमस्कार. लोभ सध्या विहिरीच्या तळाशी आहे, दोर लांब सोडलास तर मिळेल.

तुझी,
मीरा

*

निर्मळ
१२ डिसेंबर

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद. तुला नको असले तरी.

तुझं पत्र वॉल्टरने केळ्यांच्या घडाखाली ठेवून आणलं. म्हणाला, मीराबाईंचं पत्र लागलं तेवढीच केळी उष्णतेने पिकली. त्याला वाटलं मी हसेन.

रिपोर्ट वाचला. मी अडाणी नाही. दर दोन वर्षांनी वाडीची माती तपासून आणतो, सामू म्हणजे मातीचा आंबटपणा बघतो, पालाश बघतो, त्याप्रमाणे खत घालतो, म्हणून माझा सोनचाफा दादरच्या बाजारात हातोहात जातो. रिपोर्ट वाचायच्या आधी काय विचारायचं असतं ते मला विचार. विचारायचं असतं, की नमुना कुठून घेतला. शेणखताच्या ढिगाजवळची माती कुणी पाठवली, तर रिपोर्ट खोटा नसतो, पाठवणारा गाढव असतो.

तू नमुना घेतलास तुझ्या तिसऱ्या मजल्यावर. खाली पाण्याचे टँकर, मागे इमारतीचं काम, शेजारच्या बाईचा मिक्सर. तिथे आठ दिवस राहिलो तर माझाही रस बांध फोडून जाईल. म्हणजे हा रिपोर्ट माझ्या मुलीचा नाही, तुझ्या फ्लॅटचा आहे. याच्या खाली रेघ मारली आहे. दिसत नसेल तर चष्मा लाव.

मी ओरडतो म्हणे. मग काय करू? पहाटे माणसं लावून फुलं खुडायची, ती गाडी चुकायच्या आत स्टेशनवर पोचवायची, ही कामं कुजबुजत होत नाहीत. अण्णा बाप होते आपले, तेही ओरडत होते. त्यांच्या ओरडण्यावर तू बी. कॉम. झालीस. मी हात उगारलाय का तिच्यावर कधी? एकदा तरी? विचार तिला.

आता माझं ऐक. नमुना निर्मळला घ्या. तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर, तिच्या आईच्या हातचं जेवून. तिथला रिपोर्ट चांगला आला, तर हे मॅडम प्रकरण बंद, नोकरी बंद, मुलगी घरी. वाईट आला तर मी एक शब्द बोलणार नाही, तिला हवं तिथे राहू दे, हवं ते उपचार घेऊ दे. हा जयवंताचा शब्द.

यतीनला आशीर्वाद. त्याला म्हणावं, जेवण सोडू नये. लोभाचं म्हणशील तर आमची विहीर आटत नाही.

दादा

*

एव्हरशाईन सिटी
१५ डिसेंबर

ती. दादास,
नमस्कार.

पैज लावायला ही बैलगाडीची शर्यत आहे का? मुलीच्या लाळेवर पैज लावणारा तू पहिलाच बाप असशील. मी तुला स्वच्छ नाही म्हणून कळवणार होते. इशिता मॅडमही संतापल्या. तुझ्यावर नाही, माझ्यावर. म्हणाल्या, तुम्ही हा कागद भावाला फेकून मारलात, आता तो तुम्हाला परत फेकून मारतोय, आणि मधे उभी आहे रेवा. खरं आहे ते. तरी मला तुझाच राग आला.

पण रेवा म्हणाली, मी जाते. तिने पैज मान्य केलेली नाही. नोकरी आणि उपचार सोडणार नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं. पण घरी नमुना घ्यायचाच होता असं म्हणाली.

तेव्हा नाताळच्या सुट्टीला जोडून ती येते आहे. नमुन्याच्या आधी अर्धा तास तिला काही खायला-प्यायला द्यायचं नाही, हे वहिनीला सांग. शहाळं नाही, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी नाही. आणि तू एवढंच कर, घरात उगाच गोंगाट होऊ देऊ नकोस. पुन्हा म्हणशील शेणखताच्या ढिगाजवळचा नमुना.

लोभ ती परत आल्यावर बघू.

मीरा

*

निर्मळ
२८ डिसेंबर

प्रिय मीराताईंस,
स. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे, वॉल्टरला बजावलंय.

रेवा काल परत गेली तिकडे. नळ्या मी फ्रीजमध्ये खोबऱ्याच्या वाटीशेजारी ठेवल्या होत्या, त्या नीट पोचल्या असतील. तुम्ही गोंगाट नको लिहिलंत आणि इथे काय झालं ते ऐका. तुमच्या दादांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं, रेवा असेपर्यंत घरात आवाज नको. शकू भांडी घासते ती फडक्यावर ठेवायला लावली. मला मिक्सर बंद, पाट्यावर वाटलं. पलीकडे जेन्सनकडे नाताळच्या गाण्यांचा सराव होता, तिथे हात जोडून गेले. त्या पोराला वाटलं कुणी गेलं की काय. त्याने आम्हाला केक पाठवायच्या ऐवजी भेटायला माणूस पाठवला. स्वतःची स्कूटर, सायलेन्सर फुटलाय म्हणून, वॉल्टरच्या अंगणात ठेवायचे आणि चालत यायचे. चपला हातात घेऊन. खोटं नाही लिहीत.

एकदाही ओरडले नाहीत. आमटीत मीठ जास्त पडलं, तरी पाणी घालून जेवले.  मला मात्र सारखं वाटत होतं आता होईल, मग होईल.

मीराताई, तुमच्यावरही माझा राग आहे तो लिहून टाकते. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही रेवाला बाहेर काढलीत, चांगलं केलंत. पण तुम्ही भाऊ-बहीण पत्रांतून भांडता ते असं, की या घरात ओरडणारा एक आणि ऐकणारी एक. मी या घरात पंचवीस वर्षांच्या वर आहे. माझ्या तोंडात कापूस कुणी धरला? तुम्ही माहेरपणाला यायचात, दोन दिवस राहायचात, दादांचा आवाज चढला की रिक्षा बोलवायचात. मी कुठे रिक्षा बोलवू?

राग मानू नका. मानलात तरी चालेल. पापडी गावच्या बाजारात मिळाले म्हणून वालाचे दाणे पाठवले आहेत, बिरडं करा. रेवाला सोललेले आवडतात.

तुमची,
सावित्री

*

निर्मळ
८ जानेवारी २०२५

मीरास,

आशीर्वाद वगैरे नंतर.

रिपोर्ट मिळाला. संध्याकाळचा आकडा तुझ्या फ्लॅटपेक्षा जास्त. जास्त! माझ्या घरात, जिथे तीन दिवस सुईचा आवाज होऊ दिला नाही मी. विचार सावित्रीला. विचार शकूला, तिने तोंडावर सांगितलं की शेट, असंच राहा, नाहीतर मला दुसरीकडे काम बघावं लागेल. सगळी हसली. मी तेही ऐकून घेतलं.

मी शब्द बोललो नाही. मग हा आकडा कशाचा आहे? बाप जिवंत आहे याचा? तुझं मशीन खोटं आहे. किंवा नळ्या तुझ्याकडे पोचल्यावर काही झालं. किंवा त्या बाईंनी मुलीला शिकवून पाठवलं की घरी जाऊन घाबर. माती कुणाच्या शिकवण्याने आंबट होत नाही, माणसं होतात.

मी शब्द दिला होता तो माणसाला दिला होता, लबाडीला नाही. येत्या रविवारी येतो आहे तिला न्यायला. बॅग भरून ठेव. तुझ्या सोसायटीसमोर तमाशा नको असेल तर ती खाली येऊ दे.

जयवंत

*

एव्हरशाईन सिटी
१० जानेवारी

ती. दादास,

तीर्थरूप लिहिलंय, कारण आता जे लिहायचं आहे ते फक्त तुलाच लिहिता येतं. जगात दुसरं कुणी उरलेलं नाही ज्याला ते कळेल.

अण्णांची सायकल आठवते? हिरवी, मागे फुलांची टोपली बांधायची. संध्याकाळी आपण ओटीवर अभ्यासाला बसायचो. गल्लीच्या तोंडाशी आंबाडीच्या कुंपणाला टोपली घासल्याचा आवाज यायचा, मग अंगणात स्टँड. स्टँड एका फटक्यात लागला तर आपण पुन्हा पाढे म्हणायला लागायचो. पायाने दोनदा मारावा लागला, तर तू मला दंडाला धरून मागच्या दाराने गोठ्यात ढकलायचास आणि पुढे जाऊन उभा राहायचास. तुझे कान माझ्याआधी टवकारायचे. मला काही ऐकूसुद्धा आलेलं नसायचं आणि तुझ्या हातातली पेन्सिल थांबलेली असायची. मी गोठ्यात गवतावर बसून तुझा मार मोजायची नाही, कान झाकायची. बाहेर आल्यावर तू म्हणायचास, काही नाही झालं, चल, पाढे म्हण.

काही नाही झालं, दादा? तेव्हा कुणी आपल्या तोंडात कापूस धरला असता तर काय आलं असतं रिपोर्टात?

अण्णा एखादे दिवशी चांगले असायचे. खाऊ आणायचे, मांडीवर घ्यायचे. त्या दिवशी तू निवांत असायचास का? मी तर जास्तच घाबरायची. आवाज आला की एकदाचं कळायचं. चांगल्या दिवशी कळायचंच नाही.

तू रेवावर हात उगारला नाहीस. मला माहीत आहे तू ते ठरवून केलंस, आणि त्यासाठी तुझ्यावर माझं किती प्रेम आहे ते तुला कधी सांगितलं नाही, ते आज रागात सांगते आहे. पण मार गाळून बाकीचं सगळं तू जसंच्या तसं घरात आणलंस. सायकलच्या जागी स्कूटर आली. ओटीवर आपल्या जागी रेवा बसली. तिच्यापुढे जाऊन उभं राहणारं कुणी नव्हतं, दादा. मागच्या दाराने ढकलणारं कुणी नव्हतं. म्हणून ती माझ्याकडे आली. माझं घर तिचा गोठा आहे. गोठ्यातून तिला ओढून काढायला तू येतोयस. तू.

बॅग भरणार नाही. तमाशा करायचा तर कर. मी गॅलरीतून उभी राहून बघेन, आणि या वेळी कान झाकणार नाही.

वहिनीचं मला वेगळं पत्र आलं होतं. काय लिहिलंय ते तिला विचारू नकोस. मी तिची माफी मागणार आहे, तू तुझं बघ.

लोभ नको म्हणत नाही. तो गोठ्याच्या दारातच कायमचा लागलेला आहे, हीच तर पंचाईत आहे.

मीरा

*

एव्हरशाईन सिटी
१४ जानेवारी, संक्रांत

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ वॉल्टरकाकांबरोबर पाठवला आहे. गोड बोलायला सांगणार नाही.

रविवारी तुम्ही आला होतात. वर आला नाहीत, पण मला कळलं. इथे दिवसभर खाली किती स्कूटरी येतात-जातात, तरी सायलेन्सर मी भाजी निवडता निवडता ओळखला. आत्या गॅलरीत जाऊन उभी राहिली, पदर खोचून. मी मात्र आतच थांबले, स्टँडच्या आवाजाची वाट बघत. तो आला नाही. आला नाही म्हणून मला वाटलं गेलात. नंतर पाहिलं तर तुम्ही स्कूटरवर बसूनच होतात, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. वॉचमनने दोनदा विचारलं म्हणे कुठे जायचंय, तुम्ही म्हणालात, कुठेच नाही. पाय दुखले असतील. मग सुकेळ्यांचा पुडा त्याच्या हातात देऊन गेलात. आत्या जिना उतरून गेली तोवर तुम्ही नव्हतात. ती खालीच बसून रडली आणि वर येऊन तुम्हालाच शिव्या दिल्या.

बाबा, मशीन खोटं नाही, नळ्यांना काही झालं नाही, मॅडमनी मला काही शिकवलं नाही. मॅडम तर म्हणाल्या, या आकड्यावरून बाबांना दोष देता येत नाही, तेवढं हा आकडा सांगतच नाही. तो फक्त एवढं सांगतो की तुझं शरीर संध्याकाळी कुणाची तरी वाट बघतं. कुणाची ते तू सांग. ते मी त्यांना सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

मी रागात आहे. हे वाक्य दोन महिने मी मॅडमच्या खोलीत म्हणायला शिकत होते, म्हणून कागदावर कसं दिसतं ते बघते आहे. मी तुमच्यावर रागावले आहे.

त्या तीन दिवसांत तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून मी शांत असायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं. बाबा, आपल्या घरात शांतता कधी असते? फुलांची गाडी चुकली की असते. आईच्या हातून काही फुटलं की असते. तुम्ही जेवताना बोलायचं थांबता तेव्हा असते. आपल्याकडे शांतता ओरडण्याच्या आधीच येते, एरवी नाही. आणि तुम्ही तीन दिवस सगळ्या घरात तीच भरून ठेवलीत. भांड्यांखाली फडकी घातलीत. आई पाट्यावर वाटत होती. त्यात स्कूटर तुम्ही वॉल्टरकाकांकडे ठेवलीत. तो आवाज माझा होता, बाबा. तो आला की मला कळायचं, तुम्ही किती लांब आहात, पुस्तक आवरायला किती वेळ आहे. तो तुम्ही काढून घेतलात. मी संध्याकाळभर दाराकडे बघत बसले. आणि तुम्ही चपला हातात घेऊन माझ्या मागेच उभे होतात आणि हळू आवाजात म्हणालात, "जेवलीस का बाळा?" तोंडात तेव्हा तो कापूस होता.

तोच संध्याकाळचा आकडा.

माती तपासायला न्यायची तर आधी तिच्यावर खत घालत नाहीत, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी आठवीत होते. मी मुद्दाम चांगली काळी माती वेचून पिशवीत भरली होती, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही पिशवी उपडी केलीत आणि ओरडलात, की आहे ती माती ने, सजवलेली नको. ओरडलात ते चूक होतं. सांगितलंत ते बरोबर होतं.

नोकरी मी सोडणार नाही. मॅडमकडे जाणं सोडणार नाही. उन्हाळ्याच्या तोंडी, मोगरा सुरू झाला की पुन्हा नमुने घ्यायचे आहेत, उपचारांचं काय होतंय ते बघायला. त्या वेळी मी निर्मळला येईन. न्यायला येऊ नका, मी येईन. पण माझी अट आहे. सजवू नका. जेन्सनला गाऊ द्या, शकूमावशीला भांडी आपटू द्या. स्कूटर अंगणात आणा. स्टँड लावा. वाजू दे. मला आवाजाची भीती नाही. आवाजानंतर जे होतं त्याची आहे. बदलायचं असेल तर ते बदला. नसेल तर आहे तसेच राहा, मी नळीत भरून नेईन. पण माझ्यासाठी तीन दिवसांचे बाबा नकोत.

आईला सांगा, वाल सोलून खाल्ले.

लोभ मागत नाही. तुमचा आहे, हे मला माहीत आहे. त्याचाच तर आवाज ऐकत मोठी झाले.

रेवा

*

निर्मळ
२ फेब्रुवारी

चि. रेवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चार कागद फाडले. वॉल्टर दर खेपेला विचारायचा, काही द्यायचंय? शेवटी म्हणाला, जयवंतशेट, केळी हिरवीच राहायला लागली.

मी रागातच आहे. आधी राग तुझ्यावर होता, मग मीराच्या पत्रावर, मग त्या मॅडमवर. मग अण्णांवर आला, ते तर फोटोत आहेत, हार घातलेला. आता कुणावर आहे ते धड ठरत नाही, पण आहे. गेला असं खोटं लिहिणार नाही, तू सजवू नका म्हणालीस.

रविवारी स्टँड लावायला पाय उचलला होता. मीराचं पत्र खिशात होतं. पाय खाली येईना.

तुझं पत्र आल्यावर स्कूटर वॉल्टरकडून आणली. सायलेन्सर दुरुस्त केलेला नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी अंगणात आलो आणि तू लिहिलंस तसा स्टँड लावला. खट् वाजला. आत तुझी आई आणि शकू कशावरून तरी हसत होत्या. ते थांबलं. एकदम, नळ बंद केल्यासारखं. मग पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला, आणि काही नाही.

बावन्न वर्षांचा झालो. रोज या अंगणात येतो. ते थांबलेलं मला कधी ऐकू आलं नव्हतं.

मी आत गेलो नाही. ठरवलं, पुन्हा बोलायला लागतील तेव्हा जाऊ. तगरीपाशी उभा राहिलो. लागेनात. मी खोकलो, तर आणखीच गप्प. असं रोज चाललंय. अंधार पडतो, तरी आतून काही येत नाही, मग मीच जातो आणि पानावर बसतो. तोंड उघडत नाही, कारण काय बोलावं तेच कळत नाही. तर तेही चूक, हे तू लिहिलंच आहेस.

काल तुझी आई बाहेर आली. हातात पळी. म्हणाली, "रोज काय चोरासारखे उभे राहता? आत या, नाहीतर डास खातील." चांगला आवाज चढवून म्हणाली. पलीकडे जेन्सनच्या खिडकीत डोकं दिसलं. मी म्हणालो, तुमचं बोलणं थांबतं म्हणून उभा आहे.  मग तिने मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. लग्नापासूनचं होतं. आमटी करपली तरी थांबली नाही. मी स्कूटरला धरून उभा होतो. मधे एकदा माझाही आवाज चढायला निघाला, तो वर येऊ दिला नाही. शकू सगळं ऐकून घेऊनच घरी गेली.

करपलेलीच आमटी जेवलो.

मोगरा होळीनंतर सुरू होईल. त्या नळ्या आणशील तेव्हा एक जास्तीचा संच आण. तुझी आई म्हणते, तिचाही नमुना घ्यायचा.

लोभ तुझ्या सवडीने.

बाबा